फार म्हणजे दिवे

गाडी शिकायला लागून चौथा की पाचवा तास असेल. नोव्हेंबरची संध्याकाळ, पाच वाजलेले, पावसाची भुरभुर आणि आकाश अंधारून आलेलं. क्लेरमों-फेराँ या फ्रान्सच्या मधोमध असलेल्या शहराबाहेर मी जीव मुठीत धरून गाडी चालवत होते. शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्या मादाम एकदम म्हणाल्या, "फार!"

मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. आपल्याला कुणी "फार!" म्हणालं तर काहीतरी अति होतंय, एवढंच कळतं ना? वेग फार झाला असेल. गाडी मंदावली, मागच्याने हॉर्न वाजवला, आणि मादाम आणखी मोठ्यानं, "ले फार! ले फार!" मी आणखी हळू केली. शेवटी त्यांनी माझ्या नाकासमोर मूठ दोनदा उघडून मिटून दाखवली, तेव्हा उजेड पडला. अक्षरशः. फ्रेंचमध्ये 'फार' म्हणजे गाडीचे पुढचे दिवे.

हा शब्द आला कुठून ते मी घरी जाऊन पाहिलं. इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ फारोस नावाचं बेट होतं, त्यावर जुन्या जगातलं प्रसिद्ध दीपगृह होतं. बेटाच्या नावावरून फ्रेंचमध्ये दीपगृहाला 'फार' म्हणू लागले, आणि मोटारी आल्यावर मोटारीच्या दिव्यांनाही. तो शब्द मी पुन्हा कधी विसरले नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट कळली. वर्गात बसून सहा महिने मी जी भाषा शिकले होते, ती गाडीत चालणारी नव्हती. वर्गात वाक्य पुरं करायला वेळ मिळतो. गाडीत एक शब्द येतो, आणि त्याचा अर्थ डोक्याच्या आधी पायाला कळावा लागतो.

मी गाडी शिकायला लागले ते हौसेनं नव्हे. बडोद्याला मायक्रोबायॉलॉजी केलेलं, लग्नानंतर नवऱ्याच्या कामामुळे इथे आले, आणि बऱ्याच खटपटीनंतर चीज करणाऱ्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळत होती. हा सगळा ओव्हेर्न्यचा प्रदेश गाईंचा आणि चीजचा, आपल्याकडे आणंद आहे तसा. पण डेअरी गावापासून बावीस किलोमीटरवर, सकाळची पाळी साडेसहाची, आणि त्या वेळेला तिकडे बस नाही. मुलाखतीत सगळं छान झाल्यावर त्यांनी शेवटी विचारलं, "लायसन्स आहे ना?" माझ्याकडे बडोद्याचं होतं, पण स्कूटीचं. चारचाकी मी कधी शिकलेच नव्हते. त्यांनी मला वसंत ऋतूपर्यंत मुदत दिली.

इथे एक घरचं गाऱ्हाणं सांगायला हवं. माझ्या बाबांचं दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत मोटारदुरुस्तीचं लहानसं गॅरेज होतं. म्हणजे मी गाड्यांमध्ये वाढले. शाळेतून आले की दप्तर टाकून त्यांना पाने द्यायचे. "दहा-अकराचा दे," म्हणाले की दहा-अकराचाच पाना हातात जायचा, बघावं लागत नसे. पण दादा सोळा वर्षांचा झाला तेव्हा बाबांनी त्याला नवलखीच्या मैदानावर नेऊन पद्मिनी चालवायला शिकवली, आणि माझी वेळ आली तेव्हा म्हणाले, "तुला काय करायचंय? नवरा चालवेल की." त्यात रागावण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही वाटलं नाही. राग आला तो पंधरा वर्षांनी, त्या मुलाखतीहून परत येताना बसमध्ये.

मग शब्दांची वही केली. शिकताना सगळ्यात जास्त मजा तिनेच दिली. स्टिअरिंगला फ्रेंचमध्ये 'व्होलाँ' म्हणतात, म्हणजे उडणारं. बॅडमिंटनच्या फुलालाही हाच शब्द. इंजिनावरचं झाकण, ज्याला आपण बॉनेट म्हणतो, ते इथे 'कापो', आणि 'बॉने' म्हणजे लोकरीची टोपी. मी एकदा मादामना "बॉने उघडू का?" विचारलं तर त्यांनी आपल्या डोक्याला हात लावून पाहिला. वाहतूक तुंबली की 'बूशाँ', म्हणजे बाटलीचं बूच. रस्त्यातल्या खड्ड्याला 'नी द पूल', कोंबडीचं घरटं! गतिरोधकाला 'दो दान', म्हणजे गाढवाची पाठ. मला मात्र ते नेहमी आपल्या मराठीतलं 'दोन दान' ऐकू यायचं, आणि दर वेळी गाडी उसळली की मनात यायचं, घ्या, एक पुढच्या चाकांचं, एक मागच्या.

गाडी बंद पडणं म्हणजे 'पान'. गाडीला पान लागलं! पेट्रोल संपून बंद पडली तर 'कोरडं पान'. पेट्रोलला 'एसाँस' म्हणतात, त्यामुळे पहिले काही दिवस पंपावर उभं राहिलं की केकची आठवण व्हायची. आपल्या 'कट मारण्याला' इथे माशाची शेपटी म्हणतात, आणि सिग्नल तोडत नाहीत, भाजतात. गाडी दामटायची असेल तर 'मशरूमवर पाय दे' म्हणतात, कारण जुन्या गाड्यांच्या ॲक्सिलरेटरचं बटण अळिंबीसारखं गोल असायचं. न्यूट्रल म्हणजे 'प्वँ मॉर', मेलेला बिंदू. आरशात न दिसणारी जागा 'आँग्ल मॉर', मेलेला कोन. हा दुसरा शब्द मादामनी मला इतक्यांदा ऐकवला की अजूनही लेन बदलताना खांद्यावरून मागे पाहिलं नाही तर कानात त्यांचा आवाज येतो.

वही वाचून झाली की वाटायचं, आपल्याला येतं. गाडीत बसलं की कळायचं, येत नाही.

सगळ्यात वाईट जोडी होती 'द्रवात' आणि 'तू द्रवा'ची. द्रवात म्हणजे उजवीकडे आणि तू द्रवा म्हणजे सरळ. शेवटच्या एका 'त'वर सगळा खेळ. मादाम "तू द्रवा" म्हणाल्या की मी उजवा इंडिकेटर लावायचे. एकदा सरळ जायला सांगितलं असताना मी थेट एका घराच्या फाटकात गाडी घातली. तिथला म्हातारा बागेत उभा होता, त्यानं हात हलवून स्वागत केलं.

मादाम साठीच्या, केस पांढरे, आवाज खणखणीत. मला कायम 'व्हू' म्हणायच्या, म्हणजे अहो-जाहो. "गियर बदला, आरशात पाहा." पण एकदा चौकात एक मुलगा सायकलवर समोर आला आणि त्या ओरडल्या, "फ्रेन! फ्रेन!" हे 'तू'चं रूप. मार ब्रेक! गाडी थांबली, मुलगा निघून गेला, आणि मादाम लगेच परत अहो-जाहोवर आल्या. "माफ करा," म्हणाल्या, "घाबरलं की मी सगळ्यांना अरे-तुरे करते." ते वाक्य मी वहीत लिहिलं नव्हतं, पण लक्षात राहिलं. पुढे त्याचं काम पडलं.

इथल्या परीक्षेचं थोडक्यात सांगते, कारण तुमच्यापैकी काहीजण शिकायला किंवा नोकरीला येतीलच. आधी लेखी. चाळीस प्रश्न, पस्तीस बरोबर यायला हवेत, आणि प्रत्येकाला काही सेकंदच. प्रश्नांत 'मी जाऊ शकते' आणि 'मला जायलाच हवं' यातला फरक बारीक असतो आणि नियम येत असूनही भाषेमुळे चूक होते. मी छत्तीसवर पास झाले, म्हणजे काठावरच. मग गाडीची परीक्षा, साधारण अर्ध्या तासाची. तिच्या आधी मॅन्युअल गियरच्या गाडीवर किमान वीस तास शिकवणी सक्तीची. माझे अडतीस झाले. तासाला पन्नास युरोच्या आसपास, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. आमच्या घरी त्या हिवाळ्यात तो हिशेब रोज व्हायचा.

पहिल्यांदा नापास झाले. कारण होतं 'प्रियोरिते आ द्रवात', उजवीकडून येणाऱ्याचा आधी हक्क. ज्या चौकात पाटी नाही, सिग्नल नाही, तिथे तुमच्या उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तुमचा रस्ता कितीही रुंद असो आणि त्याची बोळकंडी कितीही अरुंद. नियम मला तोंडपाठ होता, झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता. पण मी वाढले कुठे? न्यायमंदिरसमोर! तिथे ज्याची गाडी मोठी त्याचा हक्क आधी, आणि त्याच्याही आधी गाईचा. परीक्षेच्या दिवशी मी मोठ्या रस्त्यावर होते, उजव्या गल्लीतून एक इवलीशी गाडी नाक बाहेर काढत होती, आणि माझ्या पायाला वाटलं, ही थांबेल की. परीक्षकांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. त्यांना ब्रेक दाबावा लागला की तिथेच संपलं. पुढची वीस मिनिटं मी उत्तम गाडी चालवली, आणि दोघांनाही माहीत होतं की त्याचा उपयोग नाही.

पुढची तारीख मिळायला नऊ आठवडे लागले. डेअरीला फोन करून मुदत वाढवून मागितली. फोनवर गप्प राहून मग "मे महिन्याची पहिली तारीख, त्यापुढे नाही" म्हणाले. त्या रात्री मी बाबांना फोन केला. नापास झाल्याचं सांगितलं नाही, एवढंच विचारलं, "बाबा, क्लच सोडताना गाडी बंद का पडते हो?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "पायाचं बोट नाही, टाच टेकव. टाचेवर पाय फिरव. तुला कोणी शिकवलं नाही का?" मी म्हटलं, "नाही." ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या फोनवरून एक व्हिडिओ आला. त्यात बाबांचे चप्पल घातलेले पाय आणि क्लच, तीन मिनिटं. शेवटी त्यांचा आवाज, "पुन्हा बघ." मी तो किती वेळा पाहिला ते सांगत नाही.

दुसऱ्या परीक्षेत गाडी चालवण्याबरोबर तोंडी प्रश्नही असतात. गंमत म्हणजे प्रश्न कोणता, ते गाडीच्या मीटरवरचे शेवटचे दोन आकडे ठरवतात. माझ्या नशिबी आलं इंजिन थंड ठेवणारं पाणी, आपण कूलंट म्हणतो ते. त्याची पातळी कुठे बघायची ते दाखवा, आणि इंजिन गरम असताना झाकण उघडलं तर धोका काय? मी कापो उघडलं, टाकी दाखवली आणि पाठ केलेलं उत्तर म्हटलं, "रीस्क द ब्रूल्यूर." भाजण्याचा धोका. परीक्षकांनी मान डोलावली. निकाल तिथे सांगत नाहीत, एक-दोन दिवसांनी ऑनलाइन दिसतो. पास. नवऱ्याने त्या दिवशी पुरणपोळी करायचा प्रयत्न केला, त्याचं वर्णन वेगळ्या लेखात.

नव्या चालकाला गाडीच्या मागे लाल रंगाचं 'आ' म्हणजे इंग्रजी 'ए' अक्षर लावावं लागतं. शिकाऊ या अर्थी. तीन वर्षं. लायसन्सवर बाराऐवजी सहाच गुण, आणि हायवेवर इतरांना १३०ची मर्यादा असते तिथे आम्हाला ११०ची. जूनमध्ये बाबा आले. आईला एवढा प्रवास झेपला नसता, म्हणून एकटेच. विमानतळावर त्यांनी आधी गाडीला फेरी मारली, टायर दाबून पाहिले, मागे आले आणि ते 'ए' पाहून म्हणाले, "अरे वा, ए ग्रेड मिळाली वाटतं!" मी दुरुस्त केलं नाही.

बाबा माझ्या उजव्या हाताला बसले. विचार करा, पन्नास वर्षं ज्या बाजूला बसून गाडी चालवली, त्याच बाजूला बसले, पण समोर ना स्टिअरिंग ना पेडल. त्यांचा उजवा पाय सारखा ब्रेक मारायचा. पायाखालची मॅट पुढे सरकून गोळा व्हायची. चौकात मी उजवीकडच्या गाडीसाठी थांबले की विचारायचे, "हा कोण लागून गेला?" मी म्हणायचे, "प्रियोरिते." दोन दिवसांनी ते स्वतःच म्हणू लागले, "थांब, तुझा प्रियोरिते येतोय."

चौथ्या दिवशी आम्ही मों-दोरच्या बाजूला निघालो. हा सगळा विझलेल्या ज्वालामुखींचा मुलूख आहे. क्लेरमोंचं मोठं चर्चही काळ्या ज्वालामुखी दगडाचं आहे. डोंगर दिसले तसे बाबा म्हणाले, "हे तर पावागढच की, फक्त हिरवा." नवरा कामावर होता, गाडीत आम्ही दोघंच. गाडी आमची जुनी, सोळा वर्षांची, दुसऱ्या की तिसऱ्या हातची. घाट चढू लागलो. दुसऱ्या गियरमध्ये वळण घेताना समोर लाल दिवा लागला. या सूचना देणाऱ्या दिव्याला फ्रेंचमध्ये 'व्वायाँ' म्हणतात. भविष्य पाहणाऱ्यालाही हाच शब्द! नारिंगी दिवा म्हणजे लवकरच बघा, लाल म्हणजे आत्ता थांबा. हेही मला पाठ होतं.

तरीही मी थांबले नाही, हे कबूल करते. पुढचं गाव तीन किलोमीटरवर होतं, रस्ता अरुंद, आणि बाबा शेजारी. त्यांच्यासमोर माझी गाडी बंद पडायला नको होती. हे एवढंच कारण. एक वळण, दुसरं वळण. मग बाबांनी नाक वर केलं. "गोड वास येतोय," म्हणाले. "कूलंट जातंय. थांबव."

जरा रुंद जागा आली तिथे थांबवली. इथे गाडीत पिवळं जाकीट आणि लाल त्रिकोण ठेवावाच लागतो. जाकीट घालूनच बाहेर पडायचं आणि त्रिकोण तीसेक मीटर मागे ठेवायचा. जाकीट एकच होतं, ते बाबांना घातलं. मी त्रिकोण ठेवायला मागे गेले. परत वळून पाहते तर बाबांनी कापो उघडलेलं, वाफ येतेय, आणि ते खिशातला रुमाल हाताला गुंडाळून टाकीच्या झाकणाकडे हात नेतायत.

त्यांना काय माहीत नव्हतं? त्यांच्या डाव्या कोपराखाली टाळ्याएवढा भाजल्याचा व्रण आहे, एका ॲम्बॅसेडरच्या रेडिएटरचा, माझ्या जन्माआधीचा. पण पन्नास वर्षांत त्यांनी ओलं गोणपाट टाकून हजारदा अशी झाकणं उघडली असतील. हाताला सवय असते. शिवाय लेकीची गाडी बंद पडलीय, आणि तेही परक्या मुलखात.

मी तीस मीटरवरून ओरडले, "बाबा, थांब! हात काढ!"

मी त्यांना आयुष्यात कधी 'अरे' म्हटलं नव्हतं. आमच्या घरी बाबांना 'अहो'च. ते जागच्या जागी थांबले. हात मागे घेतला. मी धावत जवळ गेले तोवर रुमाल घडी करून खिशात ठेवत होते. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसलो. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "गाडी गरम असताना झाकण उघडू नये, हे मी किती पोरांना शिकवलं असेल." आणि मग डावी बाही खाली ओढून घेतली.

विम्याच्या मदत-क्रमांकावर फोन केला. फोनवरच्या बाईंना रस्त्याचा नंबर, शेवटचं गाव, काय झालं हे सगळं सांगितलं. लाल व्वायाँ, वाफ, गळती म्हणजे 'फ्युईत'. पहिल्यांदाच मला शब्द शोधावे लागले नाहीत. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. तासाभराने गाडी ओढून नेणारा ट्रक आला. त्याचा मालकच चालवत होता, बाबांच्याच वयाचा, हाताला तसंच काळं तेल, नखांत तशीच काळी रेघ.

त्यानं आत वाकून एक फाटलेली रबरी नळी दाखवली. "ला द्यूरित." बाबा म्हणाले, "होज गेलाय." मी भाषांतर करायला पुढे झाले, पण दोघांनाही माझी गरज नव्हती. "रादियातर," तो म्हणाला. "रेडिएटर," बाबा म्हणाले. "तेर्मोस्ता." "थर्मोस्टॅट, तो बरोबर असेल, जो भाई, आधी पाण्याचा पंप बघ." गॅरेजमध्ये बाबांची भाषा मराठी, गुजराती, हिंदी अशी मिसळ असायची. ती तशीच्या तशी इथे सुरू झाली. त्यानं पंपाची पुली दोन बोटांनी धरून हलवून पाहिली. मी तिथे अडकले. ती का हलवतात ते मला माहीत होतं, लहानपणापासून पाहिलेलं. बेअरिंग झिजलं की ढिलं होतं, गॅरेजमध्ये म्हणतात "प्ले आला". पण त्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात?

"पा द झ," तो मान हलवत म्हणाला. त्याच क्षणी बाबा म्हणाले, "प्ले नाही."

'झ' म्हणजे खेळ. मुलांचा खेळ, पत्त्यांचा खेळ, आणि ढिल्या बेअरिंगचाही. इंग्रजीतून आलेला बडोद्याच्या गॅरेजचा शब्द आणि त्याचा शब्द, दोन्हींचा मूळ अर्थ एकच. हा शब्द माझ्या वहीत नव्हता. तो मी त्या दोघांकडून शिकले.

ट्रकमध्ये पुढे तिघांना जागा होती. जाताना मी बाबांना सांगितलं की तुम्ही आयुष्यभर फ्रेंच बोलताय. गॅरेज हा शब्दच फ्रेंच, गाडी लावून ठेवणं या क्रियापदावरून आलेला. शासी फ्रेंच. एसटीचा डेपो फ्रेंच. शोफर तर अस्सल फ्रेंच, मूळ अर्थ भट्टी तापवणारा, कारण पहिल्या गाड्या वाफेवर चालायच्या आणि आधी बॉयलर तापवावा लागायचा. मोटारी सुरुवातीला जोरात बनल्या त्या फ्रान्समध्ये. १८९४ साली पॅरिस ते रुआँ अशी शर्यत झाली, ती मोटारींची पहिली स्पर्धा मानतात. त्यामुळे इंग्रजांनीही शब्द इथूनच उचलले आणि आपल्याकडे आणले. बाबांनी विचारलं, "आणि स्टेपनी?" ती मात्र इंग्रजांच्याच बाजूची, वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर जादा चाकं करायचे त्यांच्यामुळे. फ्रेंचमध्ये तिला मदतीचं चाक म्हणतात. "हे बरं आहे," बाबा म्हणाले. "मदतीचं चाक." आणि खिडकीतून बाहेर बघू लागले.

त्या माणसाने नळीचे आणि मजुरीचे पैसे घेतले, पण बाबांना स्वतःच्या कपाटातलं एक पान दाखवायला नेलं. हो, पानच म्हणतात ना आपण पाने-पक्कडीतल्या पान्याला घाईत! त्यावर १० आणि ११ असे आकडे होते. बाबांनी तो न बघता माझ्या हातात दिला.

जानेवारीत आम्ही बडोद्याला गेलो. तिसऱ्या दिवशी बाबांनी दादाच्या गाडीची किल्ली मला दिली. "चल, सुरसागरला फेरी मारून येऊ." मी उजव्या बाजूला बसले, आणि पहिल्याच वळणावर इंडिकेटर लावायला गेले तर कोरड्या काचेवर वायपर फिरू लागले. इथे कांड्या उलट्या! दादा मागून हसला. डाव्या बाजूने जायचं, उजवीकडून येणाऱ्याला थांबायचं नाही, उलट हॉर्न वाजवत पुढे घुसायचं. पुन्हा पहिल्यापासून शिकल्यासारखं झालं. बाबा डावीकडे बसले होते, आणि त्यांचा पाय मात्र या वेळी मॅटवर शांत होता.

मांडवीकडून परत येताना अंधार पडला. रस्त्यावर हातगाड्या, पतंगांची दुकानं, माणसंच माणसं. मी सगळं लक्ष पुढे लावून चालवत होते.

"अगं, फार!" बाबा म्हणाले.

मी दिवे लावले.